पुण्यात नवले पुलाच्या उतारावर, भर पावसात पंक्चर: थांबायचं की गाडी तशीच पुढे न्यायची?

सातारारोडवाली:

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारचा प्रसंग सांगते, मग प्रश्न विचारते. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

साताऱ्याहून आईला घेऊन येत होते. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गाडी वॅगन आर, चालवणारी मी एकटी. खंबाटकीपासून पाऊस होताच, पण कात्रजचा नवा बोगदा संपला आणि समोर नुसता पांढरा पडदा. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. एक खड्डा दणकून बसला. दरी पूल मागे पडला आणि फट् फट् फट् असा आवाज सुरू झाला. आई म्हणाली, "कुणी मागून हाक मारतंय का?" मग गाडीचा मागचा भाग डुलायला लागला.

आमचे बाबा सांगायचे, हवा गेलेली गाडी दहा पावलंही चालवायची नाही, रिम जाते. म्हणून तिथल्या तिथे डावीकडे घेऊन थांबले. तो उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. ट्रक बाजूने गेला की अख्खी गाडी हलायची आणि चिखलाचं पाणी काचेवर थाडकन बसायचं.

विम्याबरोबर मिळालेल्या मदत क्रमांकावर फोन केला. "मॅडम, दीड तास लागेल." शेवटी स्वतःच उतरले. स्टेपनी डिकीच्या तळाला, म्हणजे वरचं सगळं सामान रस्त्यावर: तांदळाची पिशवी, लोणच्याची बरणी, आईची ट्रॉली बॅग. पाना लावला तर नट हलेना. पान्यावर उभी राहिले, 58 किलोची बाई, नट ढिम्म. आई काच खाली करून, अर्धी बाहेर वाकून माझ्या डोक्यावर छत्री धरून बसली होती. तिचा अख्खा हात भिजला आणि छत्रीचं पाणी बरोबर माझ्या मानेत.

मार्केट यार्डाला भाजी घेऊन निघालेला एक टेम्पोवाला मुलगा थांबला. त्याने लोखंडी पाइप काढून पान्याच्या दांड्यावर चढवला, एक झटका दिला. असा 'कट्ट' आवाज आला की मला वाटलं बोल्टच तुटला. वीस मिनिटांत चाक बदललं. पैसे घेईना, तेव्हा आईने कंदी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात कोंबला.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाला म्हणाला, टायर बाजूने गेलंय, पंक्चर निघणार नाही, नवीन घ्या.

प्रश्न असे: तशीच हळूहळू पुढे न्यायला हवी होती का? आईला गाडीत बसू दिलं ते बरोबर का? आणि पंक्चरवाला मला गंडवतोय का?

हडपसरचा_टायरवाला:

ताई, अकरा वर्षं टायरचंच दुकान आहे माझं, म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

तिथं थांबलात ही चूकच. बाबांचं म्हणणं खोटं नाही, हवा नसताना गाडी चालवली की टायर कामातून जातंच. पण टायर चार-पाच हजाराला मिळतं. हॅझर्ड (चारही इंडिकेटर) लावायचे, पहिला नाहीतर दुसरा गियर, दहा-पंधराच्या वर स्पीड नाही, ब्रेक हलक्या पायाने. डावी कड धरून सपाट आणि उजेडाची जागा येईपर्यंत न्यायची, पेट्रोल पंप किंवा सर्व्हिस रोड. वॅगन आरची रिम लोखंडी असेल तर कडेला थोडी वाकेल, ठोकून सरळ करतो आम्ही. अलॉय असेल तर महागात जाईल, पण तरीही न्यायची. चाक उजवीकडचं असतं तर ट्रककडे पाठ करून बसला असता तुम्ही.

नट का हलला नाही? मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी गनने आवळलाय. हवेवरची गन ट्रिगर सोडेपर्यंत आवळतच राहते. पुढच्या वेळी समोर उभं राहून सांगा, शेवटचा पीळ हाताने द्या. आणि गाडी जॅकवर चढवायच्या आधी, चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. वर उचलल्यावर जोर लावाल तर गाडी जॅकवरून घसरेल.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. तुमचं चाक मागचं होतं. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. एक मागचं चाक उचललं की अर्धा हँडब्रेक गेला, आणि तुम्ही उतारावर. गाडी गियरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांना दगड लावायचे. लावले होते का?

पंक्चरवाल्याचं: टायर अजून आहे ना? आतून हात फिरवा. काळा भुगा निघाला तर हवा नसताना चालवल्यामुळे बाजू घासली. भुगा नाही आणि बाजूला चीर असेल तर खड्ड्यानेच कापलंय. दोन्हीत पंक्चर निघत नाही, तो खरं बोलतोय. पट्टी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात बसते, बाजूची भिंत सारखी वाकते, तिथं टिकत नाही.

पावसाळ्यात आमचा धंदा वाढतो त्याचं कारण हेच. ओलं रबर पटकन कापलं जातं. दुकानात रबर कापताना आम्ही पातं पाण्यात बुडवून घेतो, सरसर जातं.

निवृत्त_कोथरूडकर:

टायरवाल्या साहेबांशी सहमत, फक्त आईंच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली. उतरवायलाच हवं होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली होती. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला अशा वेळी काही करता येत नाही. शिवाय जॅकवर गाडी चढवताना आत माणूस नको, हे साधं.

गुडघे दुखतात, पाऊस आहे, सगळं मान्य. डिकीतली घडीची खुर्ची, रेनकोट, आणि कठड्यापलीकडे, गाडीच्या पुढे नव्हे तर मागच्या बाजूला जरा लांब. मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते.

महामार्गाचा मदत क्रमांक 1033 आहे आणि 112 तर आहेच. विम्यावाल्यांच्या आधी तिकडे फोन. आमच्या पिढीला फोन करायचीच लाज वाटते, ती सोडा.

भिजका_बर्गमन:

दुचाकीवाल्यांचं कुणी विचारणारच नाही का? 😄 म्हात्रे पुलावर मागचं चाक बसलं, गुडघाभर पाणी, सगळी पंक्चरची दुकानं बंद. गाडी चालू ठेवून, बाजूने चालत, हलका रेस देत नळ स्टॉपपर्यंत आणली. ट्यूब असेल तर वर बसून अजिबात चालवू नका, व्हॉल्व्हच उपटून येतो. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. तोच बूच असतो. बारा व्होल्टचा छोटा पंप मिळतो, दोन-अडीच हजाराचा, हवा मारायची आणि दुकान गाठायचं. कारलाही चालतो, पण बाजूने गेलेल्या ताईंच्या टायरपुढे त्याचं काही चाललं नसतं.

सातारारोडवाली:

सगळ्यांचे आभार. दगड लावले नव्हते. टेम्पोवाल्या मुलाने लावले होते, मला वाटलं उगाच वेळ काढतोय.

टायर बघितलं. आत भुगा नाही. बाजूला दोन बोटं मावतील एवढी चीर आहे. म्हणजे ज्या टायरला वाचवायला मी तिथे थांबले, ते खड्ड्यातच मेलं होतं!

काल चारही चाकांचे नट समोर उभं राहून सैल करून घेतले आणि हाताने आवळून घेतले. गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते फारसं आवडलेलं नाही. फूटभर पाइप भंगारवाल्याकडून 60 रुपयांना आणला. स्टेपनीत हवा निम्मीच निघाली, तीही भरली. जॅक चिखलात रुतत होता हे लिहायचं राहिलं होतं. त्यासाठी काय ठेवायचं?

हडपसरचा_टायरवाला:

फळी. इंचभर जाड, वीतभर रुंद. प्लायवूड नको, भिजून फुगतं. आणि बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत एकदा तपासा.

सातारारोडवाली:

झालं काम. आईने माळ्यावरून जुन्या विळीचा पाट काढून दिला, पातं नसलेला, सागवानी. घडीच्या खुर्चीचं विचारलं तर म्हणाली, "मी पावसात खुर्ची टाकून बसणार नाही, आधीच सांगून ठेवते. तू गाडी पुढे नेऊनच थांबव."