मदत हवी आहे: रहस्यमालिकेतला चकवा ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. हळदीच्या पेठेतली आठ भागांची रहस्यमालिका लिहितोय. हरिपूरच्या एका पेवात (जमिनीखाली हळद साठवायचा खड्डा) अडत्याचा मुनीम मेलेला सापडतो. दुसऱ्या भागापासून संशय एका हमालावर. रोज रात्री तो पेवांकडे जातो, विचारलं की गप्प. पाचव्या भागात कळतं, तो घरातून काढून दिलेल्या भावाला चोरून भाकरी पोचवत होता. खुनाशी संबंध शून्य, म्हणजे हमाल हा निव्वळ चकवा (प्रेक्षकाला मुद्दाम चुकीच्या वाटेवर नेणारा धागा).

वाचून दोघे मित्र म्हणाले, "तीन भाग फुकट घालवलेस." फार लागलं, कारण हमाल माझं सगळ्यात लाडकं पात्र आहे.

'ब्रॉडचर्च' या ब्रिटिश रहस्यमालिकेत (2013) गावातल्या पेपर विकणाऱ्या म्हाताऱ्यावर असाच संशय येतो. तो निर्दोष असतो, पण लोकांच्या छळापायी जीव जातो. तिथला चकवा वाया जात नाही, कारण त्यातून गाव उघडं पडतं. माझा हमाल सुटतो आणि कथा जिथल्या तिथे राहते. खरी गोम तीच असावी.

मग भावानं त्या रात्री काही पाहिलेलं दाखवू का? की तो योगायोग वाटेल? मालिका मन लावून बघणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी कृपया स्पष्ट सांगा. कुठल्या चकव्यानं तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं आणि कुठला आवडला, तेही लिहा.