नवी जाती का नवी प्रजाती?

पेपरात बातमी येते न, "सायनोबॅक्टेरियाची नवी प्रजाती सापडली" म्हणून (सायनोबॅक्टेरिया म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू). पण शाळेच्या पुस्तकात तर कुल, मंग प्रजाती, मंग जाती असा क्रम आहे, म्हणजे जीनस (प्रजाती) सापडला का स्पीशीज (जाती)? पोरीनं विचारलं अन् मले सांगता नाई आलं.

— भाऊ, बातमीत बहुतेक वेळा स्पीशीजच म्हणायचं असते, म्हणजे आपल्या पुस्तकाप्रमाणे जाती. हिंदीत स्पीशीजले प्रजाति म्हणतात, मले वाटते तिथूनच आपल्या पेपरात घुसलं. अन् नुसतं 'जाती' छापाले लोक बिचकत असतील, तेही आहेच.

— आमच्या धानपट्ट्यात अजून एक भानगड. इथं 'जात' म्हटलं का लोक वाण समजतात. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान काढलं ते वाण, जाती तीच, ओरायझा सटायव्हा, म्हणजे धानाचं शास्त्रीय नाव. यातलं ओरायझा म्हणजे प्रजाती. दोन शब्दांचं नाव असलं का पहिला शब्द प्रजातीचा, एवढं पोरीले सांगा, काम झालं.

— सायनोबॅक्टेरियात मात्र हा घोळ परवडत नाई. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर हिरवट-काळपट लिबलिबीत गोळे दिसतात न, ज्याले आपण सरसकट शेवाय म्हणतो, ते पुष्कळदा नोस्टॉक असते, सायनोबॅक्टेरियाचीच एक प्रजाती. वाळलं का पापुद्रा, पाणी पडलं का पुन्हा टम्म. मायक्रोस्कोपखाली मण्यांची माळ दिसते, मधात एखादा मोठा फिक्कट मणी, तो हेटरोसिस्ट, हवेतला नायट्रोजन तिथंच बांधल्या जाते. पयले असं रूप पाहूनच नाव ठेवत, पण सारख्या दिसणाऱ्या माळा नात्यानं लांबच्या निघाल्या. म्हणून आता १६एस आरआरएनए नावाचा जीन (जिवाणूंचं नातं ओळखाले वापरतात तो) जुळवून पाहतात, माहीत असलेल्या जातींशी सारखेपणा ९८.७ टक्क्यांच्या खाली असला तर नवी जाती, ९५ च्याही खाली गेला तर नवी प्रजाती, हा ढोबळ हिशोब हं, नुसत्या आकड्यावर नाव ठरवत नाईत, रूप, राहाची जागा, बाकीचे जीन हे सारं पाहा लागते. २०१९ मध्ये देसिकाचार्य नावाची प्रजाती अशीच वेगळी काढली, शेवाळतज्ज्ञ टी. व्ही. देसिकाचारींच्या नावावरून. त्यात दोन जाती नव्या, अन् नोस्टॉक थर्मोटॉलरन्स ही आधीचीच जाती तिकडं हलवली. आता याची बातमी "नवी प्रजाती" अशी आली तर ते बरोबरच आहे!

— मंग ते स्पिरुलिनाच्या गोळ्या, पौष्टिक म्हणून विकतात त्या? तेही सायनोबॅक्टेरियाच न?

— त्याची तर और मजा. गोळीतलं ते खऱ्या स्पिरुलिना प्रजातीतलं नाईच. आर्थ्रोस्पायरा म्हणत होते, २०१९ मध्ये त्यातल्या काही जाती लिम्नोस्पायरात टाकल्या. डबीवर अजून स्पिरुलिनाच छापून राहिले.

— अन् सायनोबॅक्टेरियाले मराठीत 'नीलहरित शेवाळ' का 'नीलहरित जिवाणू'?

— पेशीत केंद्रक नाई, म्हणून जिवाणू. पण नाव वनस्पतीवाल्यांच्या नियमानं ठेवता येते, वाळवलेला नमुना जमा केला तरी चालते. जिवाणूच्या नियमात जिवंत शुद्ध कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला नमुना) दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहात द्या लागते. मी जिवाणू लिहितो, कंसात शेवाळ.