'वेन' की 'वेना'? होल्स्टच्या सूक्तगानाचं शीर्षक

प्रश्न : गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं 'हिम टू वेना' आमचा गायनवृंद बसवतो आहे. पत्रिकेत मराठी शीर्षक द्यायचंय. कुणी 'वेना' म्हणतं, कुणी 'वेणा', तर कुणाच्या मते हा पुराणातला वेन राजा. शिवाय 'हिम'ला (hymn, स्तुतिगीत) 'भजन' चालेल का?

उत्तर : 'वेन' लिहा. 'वेना'मधला काना रोमन लिपीतून आला आहे. हिंगणघाटची वेणा नदी किंवा बाळंतपणाच्या वेणा, यांचा इथे संबंध नाही. पृथूचा बाप वेन राजाही नव्हे.

हे ऋग्वेदातलं सूक्त आहे, दहाव्या मंडलातलं १२३वं. ऋचा आठ, ऋषी वेन भार्गव आणि देवताही वेनच. सुरुवात अशी : 'अयं वेनश्चोदयत्पृश्निगर्भा ज्योतिर्जरायू रजसो विमाने'. यातला 'ज्योतिर्जरायु' शब्द मला फार आवडतो. जरायु म्हणजे गर्भावरचं वेष्टन. गाय व्याल्यावर 'जार पडली' म्हणतात तीच ही जार. प्रकाशाच्या वेष्टनात जन्मणारा, असा हा वेन. पुढे 'अपां सङ्गमे सूर्यस्य', म्हणजे पाणी आणि सूर्य जिथे भेटतात तिथे, विप्र त्याला आपल्या स्तुतींनी तान्ह्या बाळासारखं चाटतात. ('शिशुं न' मधला 'न' नकाराचा नाही, 'जसा' या अर्थाचा आहे.)

वेन म्हणजे नेमका कोण, सूर्य की सोम, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सूक्तात गंधर्वही येतो. होल्स्टने मात्र शीर्षकाखाली 'धुक्यातून उगवणारा सूर्य' असं स्पष्टच लिहिलं. पाणी-सूर्याच्या भेटीची ती ओळ पाहता मला हा अर्थ पटतो.

प्रतिप्रश्न : यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, 'वेनो वेनतेः कान्तिकर्मणः' आहे ना? मग वेन म्हणजे कांतिमान, तेजस्वी, असंच झालं.

उत्तर : नाही ताई, इथेच मराठी कान फसतो. आपल्याकडे कांती म्हणजे त्वचेची झळाळी. यास्काची 'कान्ति' 'कम्' धातूची, म्हणजे इच्छा, ओढ. 'कांत' आणि 'कांता' या शब्दांत आपणही तो अर्थ जपला आहे. तेव्हा वेन म्हणजे ओढ असलेला, आसुसलेला. तेज सूक्तात भरपूर आहे, पण ते या शब्दाच्या व्युत्पत्तीतून आलेलं नाही.

आता 'हिम'. 'भजन' अजिबात नको. चर्चमधल्या गाण्यांसाठी मराठी ख्रिस्ती मंडळींकडे 'गीत' आहे, आणि रेव्हरंड टिळकांनी अभंगही रचले. त्या संदर्भात तेच शब्द शोभतात. इथे मूळच सूक्त आहे. होल्स्ट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृत शिकला आणि त्याने ऋग्वेदातल्या सूक्तांची इंग्रजी रूपांतरं स्वतः केली. त्यांच्या समूहगानांचे चार संच आहेत. त्यांतला तिसरा, १९१०चा, फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी. उषा, आप, वेन आणि प्रवासी अशी त्यातली चार गाणी. होल्स्टच्या गाजलेल्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेपुढे ही कुणाला आठवत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण वेदपठणाचे स्वर त्यात नाहीत आणि शब्द इंग्रजी आहेत, म्हणून नुसतं 'वेनसूक्त' छापलंत तर श्रोते घनपाठाची, म्हणजे पारंपरिक वेदपठणाची, अपेक्षा धरतील. 'वेनसूक्त : स्त्रीवृंद आणि हार्प, संगीत व इंग्रजी रूपांतर गुस्ताव्ह होल्स्ट' असं द्या. खाली पहिली ऋचा देवनागरीत छापायला विसरू नका.