मदत हवी आहे: एनर्जी ड्रिंकनंतर श्रम कमी जाणवतात, मग दमट हवेत वेग कशावरून ठरवायचा?

रत्नागिरीजवळच्या भाट्ये ते पावस रस्त्यावर २१ किलोमीटरचा सराव करणाऱ्या गटासाठी विचारतोय. सगळे प्रौढ, वजनं ५५ ते ७० किलो, कुणालाही बीपी किंवा हृदयाचा त्रास नाही. सुरुवात पहाटे साडेपाचला, पण तेव्हाही हवा इतकी दमट की घाम वाळत नाही.

धावण्याआधी ४५ मिनिटं २५० मिलीचा कॅन घेतला (साधारण ८० मिग्रॅ कॅफिन, २७ ग्रॅम साखर), तर ६ ते २० च्या बोर्ग मापावर (श्रम किती जाणवतात ते धावणाऱ्याने स्वतः आकड्यात सांगायचं माप) त्याच वेगाला १५ ऐवजी १३ सांगतात. हृदयगती मात्र खाली येत नाही. म्हणजे शरीरावरचा ताण तोच, जाणीव तेवढी बोथट. मग सुरुवातीला वेग वाढतो आणि पुढच्या चढावर दम संपतो. उकाड्यात हे मला धोक्याचं वाटतं.

करून पाहिलेलं: साखर जवळपास ११ टक्के असल्याने पोट डचमळायचं, बिनसाखरेच्या कॅनने ते थांबलं, श्रम तरीही कमीच जाणवले. कोऱ्या कॉफीनेही तसंच, फक्त कॅफिन किती गेलं ते कळत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत आधीपासून चालू आहे, त्यामुळे पाणी-मिठाचे सल्ले नकोत.

कॅफिनच्या दिवशी बोर्ग आकडा सोडून फक्त छातीच्या पट्ट्यावरची हृदयगती धरावी का? आणि दमट हवेत ती आपोआप चढत जाते, तर पहिल्या ५ किलोमीटरसाठी मर्यादा किती ठेवता?