'डिव्होशन' म्हणजे भक्ती? मला नाही पटत

महालचा_वाडा: डिव्होशन दिसलं की भक्ती लिहून मोकळं व्हायचं, हा शाळकरी आळस आहे. लॅटिन 'वोवेरे' म्हणजे देवाला शब्द देणं; मतदानाचं 'व्होट' त्याच घरातलं. त्यातून 'देवोतिओ', डिव्होशनचं मूळ. रोमन इतिहासकार लिव्हीनं त्याचा इ.स.पू. ३४० मधला विधी दिलाय. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, देकिउस मुसनं काठाचा टोगा (रोमन अंगवस्त्र) घातला, डोकं झाकलं, टोग्याखालून हात काढून हनुवटीला लावला, भाल्यावर पाय देऊन पुरोहितामागे मंत्र म्हटला. स्वतःसकट शत्रूचं सैन्य पाताळदेवतांना वाहिलं नि घोडा शत्रूत घातला. मेला. ही भक्ती?

धरमपेठ_४४: मग हा नवसच झाला की. टेकडीच्या गणपतीला बोलतात तसा.

महालचा_वाडा: नाही हो. नवसात आधी काम होतं, मग नारळ फोडायचे. इथं जीव आगाऊ भरायचा. कॉन्सलला स्वतःऐवजी एखादा शिपाईही वाहता येई. तो जिवंत परतला तर पंचाईत. मग किमान ७ फुटी पुतळा जमिनीत पुरायचा, वर प्रायश्चित्ताचा बळी.

बर्डी_व्याकरण: थांबा राजेहो. इंग्रजीत हा शब्द रोमन छावणीतून नाही, चर्चमधून आला, जुन्या फ्रेंचमार्गे. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अॅक्वायनस डिव्होशनची व्याख्या करतो: ईश्वराच्या सेवेला तत्परतेनं लागायची इच्छा. देकिउसची गोष्ट त्याला ठाऊक होती, तिथंच उल्लेख आहे. तरी अर्थ सेवेचाच घेतला. आपला धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, काय म्हणतो? 'भज सेवायाम्', भज् धातू सेवेच्या अर्थी.

महालचा_वाडा: भज् म्हणजे वाटणं, वाटा घेणंही. भाग, विभक्त त्यातलेच. ताटातला भातसुद्धा संस्कृत 'भक्त'वरून. भक्तीत भक्ताला वाटा मिळतो. देवोतिओत वाहणाऱ्याकडे काही उरत नाही.

बर्डी_व्याकरण: भातावरच अर्थ ठरवायचा तर पाणिनीचं व्याकरणसूत्र ४.३.९६ बघा. त्यावरच्या काशिका या टीकेत उदाहरण आहे: अपूप ही ज्याची 'भक्ती', तो आपूपिक. म्हणजे गोड पुव्यांचा शौकीन! आपल्याकडे तर्रीपोह्यांचे असतात तसे. मूळ अर्थ कुठवर धरून बसणार?

धरमपेठ_४४: भाषांतरात लिहायचं काय, ते सांगा ना.

बर्डी_व्याकरण: देवाबद्दल असेल तर भक्ती. कामाबद्दल असेल तर निष्ठा. अनेकवचनी 'डिव्होशन्स' म्हणजे बहुधा रोजची प्रार्थना-उपासना. तिथं भक्ती लिहिलं की वाक्य फसतं.

महालचा_वाडा: आणि क्रियापद आलं तर 'वाहून घेणं'. देकिउसनं तेच केलं होतं.

बर्डी_व्याकरण: हे मान्य. भक्ती मात्र सोडत नाही.