कोळंबीच्या अळ्या पंधराव्या दिवशी खंगतात, खाद्य कमी पडत असेल का?

प्रश्न (माढा तालुका, जि. सोलापूर):
उजनीच्या फुगवट्यालगत आमचे शेततळे आहे. त्यासाठी गोड्या पाण्यातील जंबो कोळंबीचे बीज घरीच तयार करावे, म्हणून 500 लिटरच्या टाकीत कोकणातून आणलेले समुद्राचे पाणी मिसळून क्षारता 12 पीपीटी (पाण्याच्या हजार भागांत 12 भाग क्षार) राखली आणि लिटरला 30 या हिशोबाने अळ्या सोडल्या. दहा दिवस सर्व ठीक होते; आता अळ्या पांढुरक्या दिसतात, तळाशी बसतात आणि रोज सायफन करताना मेलेल्या निघतात. दररोज 4 ग्रॅम आर्टेमिया (अळ्यांना जिवंत खाद्य म्हणून देतात तो खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) उबवून निम्मा संध्याकाळी देतो, उरलेला बादलीत ठेवून सकाळी देतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1:
पाण्याचे तापमान किती आहे? आपल्याकडे थंडीत पत्र्याच्या शेडमधले पाणी रात्री बरेच गार होते आणि गारठलेली अळी खात नाही. ते 28 ते 31 अंशांत असावे.

प्रश्नकर्ता:
हीटर आहे, 29 अंश कायम असते.

उत्तर 2:
मग दादा, हिशोब मांडून पाहा. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सिस्टपासून (आर्टेमियाच्या सुक्या अंड्यांपासून) साधारण 2 लाख नॉप्ली (उबून निघालेली पिल्ले) मिळतात. आपले 4 ग्रॅम म्हणजे 8 लाख. टाकीतल्या 5 लाख मिलीलिटर पाण्यात ती मिलीलिटरला जेमतेम दीड पडतात आणि तीही आपण दोनदा विभागून देता. ही अळी भक्ष्याचा पाठलाग करीत नाही, पोहता पोहता जे पायांना लागेल तेच धरते, त्यामुळे पाण्यात मिलीलिटरला 3 ते 5 नॉप्लींची दाटी नसेल तर ती अन्नाच्या शेजारी राहूनही उपाशी मरते. सुरुवातीला हे जाणवले नाही, कारण पहिल्या अवस्थेत ती अंगच्या बलकावरच जगते आणि पुढेही काही दिवस तिची भूक लहान असते.

खरा घोटाळा मात्र बादलीत आहे. नुकत्याच उबलेल्या नॉप्लीच्या पोटातला नारिंगी बलक हीच अळीची शिदोरी. उबदार पाण्यात रात्रभर ठेवलेली नॉप्ली तो स्वतःच जाळून टाकते, शिवाय कात टाकून मोठी आणि चपळ होते. म्हणजे पकडायला धडपड जास्त आणि पदरात स्निग्धांश कमी. एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, प्रथिनातून 4. स्निग्धांश आटला की अळी प्रथिने जाळू लागते आणि अळीपणाच्या 11 अवस्था पार करण्यासाठी लागणारी वाढ तिथेच थांबते. उरलेली नॉप्ली फ्रीजमध्ये 4 अंशांवर, हवा चालू ठेवून ठेवावीत.

उत्तर 3:
आता दिवसा अंड्याचे कस्टर्डही सुरू करावे. अंडी, दूध पावडर, माशाचा गर आणि थोडे माशाचे तेल एकत्र वाफवून चाळणीने कण सारखे करावेत. चहाच्या गाळणीवर भागवू नये. कस्टर्ड थोडे थोडे द्यावे, कारण तळाशी कुजलेले खाद्य अमोनिया वाढवते. आर्टेमिया संध्याकाळसाठी राखावा.

प्रश्नकर्ता:
काल ताजी नॉप्ली दिल्यावर दोन तासांनी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले, वाटीत एकही नॉप्ली उरली नव्हती. आजपासून 10 ग्रॅम उबवत आहे.