हिवाळ्यात घरातल्या ट्रेनरवर केलेला सराव हा खरा सायकल सराव मानावा का?

धागाकर्ता:
टोरांटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रस्त्यांवर मीठमिश्रित चिखल साचतो, म्हणून गेले तीन हिवाळे मी तळघरात ट्रेनरवरच, म्हणजे सायकल एका जागी जखडून पेडल मारता येतील अशा यंत्रावर, सराव करत आहे. तिथे सिग्नल नाही, उतार नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे ठरलेल्या वॅटवर (पेडलवर लावलेल्या ताकदीचे माप) अखंड पूर्ण होतात. व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमनचा हात २०१६ च्या फेब्रुवारीअखेर मोडला, त्याने गॅरेजमध्ये ट्रेनरवर तयारी केली आणि १० एप्रिलला नामांकित सायकलपटू टॉम बोनेनला मागे टाकून पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकली. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

प्रतिसाद १:
हेमनने त्यापूर्वी डझनाहून अधिक वेळा ती शर्यत केली होती. दगडी रस्त्यावर सायकल कशी सावरायची हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. आपल्यासारख्यांचे तसे नाही. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते, त्यामुळे वळण, आडवा वारा आणि ब्रेक यांची सवय मोडते, आणि एप्रिलच्या पहिल्याच समूहफेरीत कोणीतरी पडते. २०२० चे पुरुषांचे पहिले आभासी (घरातल्या ट्रेनरवरून खेळले जाणारे) विश्वविजेतेपद जेसन ऑसबॉर्न या नौकानयनपटूने (रोइंग) जिंकले, यावरूनच तिथे पायांतील ताकद मोजली जाते, सायकल चालवणे नव्हे, हे दिसते. फिनलंडमधील औलूत लोक हिवाळाभर बाहेर सायकल चालवतात. खिळ्यांचे टायर लावून आपणही चालवावी.

धागाकर्ता:
तोच ऑसबॉर्न टोकियो ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाचे रौप्यपदक मिळवल्यानंतर व्यावसायिक सायकल संघात दाखल झाला, हे आपण सांगितले नाही. औलूत मार्गांवरचा बर्फ दाबून घट्ट केलेला असतो. आपल्याकडे तो दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. डांबरावरचा तो पारदर्शक थर दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. घरी वाट पाहणारी माणसे असताना हा धोका मी पत्करणार नाही.

प्रतिसाद २:
दोघांनीही उष्णतेचा विचार केलेला नाही. घरात अंगावर वारा येत नाही, घाम वाळत नाही, त्यामुळे वॅट तेवढेच राहूनही हृदयाचे ठोके वाढत जातात. बाहेर वीस मिनिटांची चाचणी देऊन, तिच्या सरासरी वॅटच्या ९५ टक्के हा आकडा (साधारण तासभर टिकेल अशा ताकदीचा अंदाज) घरात वापरणारे कित्येक जण आपली ताकद घटली असे समजून सराव सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. समोर मोठा पंखा लावावा आणि घरातली चाचणी वेगळी द्यावी. शिवाय रस्त्यावरच्या मिठापासून वाचवलेल्या सायकलला घामातले मीठ खाते: माझ्या हँडलच्या टेपखालचा धातू दोन हिवाळ्यांत पोखरला गेला होता.

प्रतिसाद १:
पंख्याचे मान्य. तरीही आठवड्यातून दोन दिवस ट्रेनरऐवजी रोलर (ज्यांवर सायकलची चाके ठेवून चालवतात ते फिरते दंडगोल) वापरा, असा माझा आग्रह आहे. रोलरवर सायकल मोकळी असते, तोल स्वतःच सांभाळावा लागतो आणि खांदे ताठरले की चाक लगेच कडेला सरकते. वळणाचा सराव त्यावरही होत नाही, म्हणून रस्ता कोरडा दिसेल त्या रविवारी बाहेर पडावेच.